समलिंगी विवाहावर मंडळीत चर्चा ठेवायची असेल तर

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पहिली चर्चा अकरा मिनिटांत आटोपली. २२ ऑक्टोबर २०२३, रविवार. त्याच आठवड्यात मंगळवारी सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहावरचा निकाल आला होता. तरुण संघाच्या मुलांनी पाळकसाहेबांच्या मागे चर्चेचा लकडा लावला आणि पाळकसाहेबांनी ते लोढणं माझ्या गळ्यात टाकलं, का तर "बाईंचा आवाज चढत नाही." एकतीस वर्षं नगरला शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा आवाजाचं तेवढं खरं आहे. उपासना झाल्यावर मागच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या, एक माईक आणि सगळं आटोपल्यावर चहा असा बेत होता.

नवव्या मिनिटाला मागून एक काका म्हणाले, "आईबापांनी नको तेवढे लाड केले की पोरं अशी निघतात." तिसऱ्या रांगेत गायनसंघातल्या एक भगिनी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा परदेशात कुणाबरोबर राहतो हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे आणि आजवर कुणी ते तोंडाने बोललेलं नाही. त्यांनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. तेवढ्यात तरुण संघातला एक मुलगा ताडकन उभा राहिला. "तुम्ही सगळे द्वेष्टे आहात. तुमच्यासारख्यांमुळेच लोक चर्च सोडतात." दोन खुर्च्या जोरात सरकल्या. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना करून टाकली. चहा पातेल्यात तसाच राहिला.

त्यानंतर मी हा विषय चार वेळा घेतला. दोनदा आमच्याच मंडळीत, एकदा नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात आणि एकदा पुण्याला बहिणीच्या फ्लॅटमध्ये, तिच्या महिला मंडळात. चारही वेळा भांडणं झाली, पण माणसं शेवटपर्यंत बसली. कसं केलं ते लिहून ठेवते. तुमच्याही गळ्यात हे लोढणं कधी पडलं तर उपयोगी पडेल.

आधीची तयारी

पाळकांना आधी घरी जाऊन भेटा. त्यांना अंधारात ठेवून विषय काढू नका. त्यांच्यावर पंच आहेत, पंचांवर डायोसीस, म्हणजे बिशपांचा धर्मप्रांत, आहे, उद्या तक्रार गेली तर जाब त्यांनाच विचारला जाईल. आमच्या पाळकसाहेबांनी एकच अट घातली, की शेवटी ठराव करायचा नाही. मला ती आवडली. आता मीच ती सगळीकडे घालते.

माणसं पंधराच्या वर नकोत. साठ जणांपुढे माणूस बोलत नाही, भाषण करतो. खुर्च्या गोल मांडा, माईक ठेवू नका, मोबाइल एका ताटात गोळा करा. हे सांगायला मला संकोच वाटत होता, पण खेड्यातल्या चर्चेत एका मुलाने आपण होऊन ताट फिरवलं आणि लोक हसत हसत मोबाइल टाकत गेले, दानाचं ताट फिरतं तसं. चहा आधी द्या. हातात कप असलेला माणूस पहिली पाच मिनिटं तरी उठून जात नाही.

प्रार्थना दोन वाक्यांची ठेवा आणि ती कोण करणार हे आधीच ठरवून टाका. आपल्याकडे प्रार्थनेतून टोमणे मारायची मोठी परंपरा आहे. "हे प्रभू, जे तुझ्या वचनापासून बहकले आहेत त्यांचे डोळे उघड" असं डोळे मिटून म्हटलं की समोरच्याला उत्तरही देता येत नाही. हे मी स्वतःही केलेलं आहे, या विषयात नाही, पंचांच्या निवडणुकीत.

प्रश्नाचे तुकडे करा

"समलिंगी विवाह योग्य की अयोग्य?" असा प्रश्न फळ्यावर लिहिलात की चर्चा बुडाली म्हणून समजा. त्या एका ओळीत चार प्रश्न आहेत. सरकारने अशा जोडप्याची नोंद करावी का? मंडळीने वेदीपुढे त्यांचं लग्न लावावं का? शास्त्रातली वचनं नेमकं काय सांगतात? आणि आपल्या बाकावर बसलेल्या माणसाशी आपण कसं वागायचं? एक जण पहिल्याबद्दल बोलतो, दुसरा तिसऱ्याचं उत्तर देतो आणि दोघांनाही वाटतं की समोरचा मुद्दाम वेड पांघरतोय. चार चिठ्ठ्या करा, एका बैठकीत एकच उघडा. मी नेहमी कायद्यापासून सुरुवात करते. तिथे माहिती देऊनच निम्मी भीती उतरते.

माहिती अशी. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीने होणाऱ्या प्रौढांच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं. लग्नाचा खटला त्यानंतरचा, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. एप्रिल-मे २०२३ मध्ये सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबरला निकाल लागला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. नागरी सहजीवनाला, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या कायदेशीर नोंदीला, मान्यता द्यावी का आणि मूल दत्तक घेता यावं का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे ते फुटले आणि तिघांचं "नाही" टिकलं. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

आता जे सांगितल्यावर हॉलमध्ये माना वर होतात ते. वाद प्रामुख्याने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो त्याचा होता. व्यक्तिगत कायद्यांत, म्हणजे त्या त्या धर्माच्या विवाहकायद्यांत, आपण शिरणार नाही, असं खंडपीठाने सुरुवातीलाच सांगितलं होतं. आपली लग्नं लागतात ती १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली. तो कायदा बदलायला तिथे कुणी बसलंच नव्हतं. "उद्या आमच्या पाळकांना जबरदस्तीने लग्नं लावायला लावतील" ही भीती मी चारही बैठकांत ऐकली. तिच्यावर हसू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण एक टक्कासुद्धा भरलो नाही. धर्मांतराच्या आरोपाने आधीच धास्तावलेल्या माणसाला नव्या प्रत्येक कायद्यात आपल्यावरचं संकट दिसतं. त्याला फक्त एवढं दाखवा, की इंग्लंडने २०१३ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा केला तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडला त्यातून कायद्यानेच वगळलं. राज्याची नोंदणी आणि चर्चचा विधी वेगवेगळे ठेवता येतात, आणि ठेवलेले आहेत.

नोंदणीचा प्रश्न कशासाठी आहे, हेही हाताला लागेल अशा गोष्टींतून सांगा. दवाखान्यात सही कुणाची चालणार, पेन्शन कुणाला, भाड्याचं घर कुणाच्या नावावर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाला पत्रक काढून स्पष्ट करावं लागलं की अशा जोडप्यांना बँकेत जोडखातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. खेड्यातल्या बैठकीत एक शेतकरी आजोबा हे ऐकून म्हणाले, "एवढ्यासाठी पत्रक? मी तर सोसायटीत भाच्याला नॉमिनी केलाय." त्या संध्याकाळी सगळ्यात उपयोगी वाक्य त्यांचंच होतं.

"ख्रिस्ती धर्म म्हणतो" हे वाक्य अडवा

कोणता ख्रिस्ती धर्म? कुणाचा? लगेच विचारा, पण हळू आवाजात.

कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३५७ क्रमांकाच्या परिच्छेदात समलिंगी संबंधांना मान्यता नाही, ते चूकच ठरवले आहेत. त्याच्या लगेच पुढचा, २३५८, म्हणतो की अशा माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये. पहिला परिच्छेद पाठ असलेले मला पुष्कळ भेटले, दुसरा वाचलेले दोन. मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने शिथिल केलेलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं तेव्हा, जाहीर सांगितलं होतं की चर्चने समलिंगी माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. एकाच माणसाच्या या दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकत्र मावत नाहीत. गंमत म्हणजे ज्या कौशल खटल्यात ते कलम परत आलं, त्यात कलमाच्या बाजूने अपील करणाऱ्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. म्हणजे एका देशात, एकाच खटल्यावर, येशूचं नाव घेणारे दोन्हीकडे.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात, १८ डिसेंबर २०२३ ला, व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. तो उपासनाविधीचा भाग नाही, आणि लग्न तर नाहीच. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी तेवढंही नाकारलं. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये समलिंगी विवाहांवरची बंदी उठवली, पण तोवर त्यांच्या तिथल्या सुमारे पाव मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. आपल्याकडची मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे, तिला तो निर्णय लागू नाही. हे आवर्जून सांगा, पुण्याला दोघी मेथडिस्ट भगिनी घाबरून आल्या होत्या.

नगरकरांसाठी एक गोष्ट मी राखून ठेवते. कुणी ना कुणी म्हणतंच, "हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे." तेव्हा विचारायचं, आपली मंडळी कुणी लावली? अमेरिकन मराठी मिशनने. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, १८३१ मध्ये नगरला आली. त्या बोर्डाचा वारसा आज ज्या चर्चकडे आहे ती युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट, आणि तिच्या महासभेने ४ जुलै २००५ ला अटलांटात समलिंगी जोडप्यांच्या समान विवाहहक्काला पाठिंबा दिला. इकडे आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलो, आपल्याकडे तसे विवाह लावत नाहीत. माय एक, लेकरं दोन वाटांना. यावर एका वडीलधाऱ्यांनी मला शांतपणे सुनावलं, "मग मायच भरकटली म्हणायची, बाई." हेही उत्तर आहे. मी ते फळ्यावर लिहिलं.

पण "पाश्चात्त्य खूळ" या शब्दाशी मी जरा जास्त वेळ थांबते. गेली पावणेदोनशे वर्षं नगरच्या प्रत्येक ख्रिस्ती घराने हेच ऐकलंय. परक्यांचा धर्म, गोऱ्यांचा धर्म, पावाला भुललेले. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर हेच ऐकवलं गेलं. ज्या दगडाने आपलं डोकं फुटलं तोच उचलून दुसऱ्याला मारताना हाताला ओळखीचा वाटत नाही का? शिवाय कलम ३७७ सुद्धा इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घालून ठेवलं होतं.

वचनं वाचताना

सगळ्यांच्या हातात पवित्र शास्त्र द्या आणि वचन मोठ्याने, मागच्यापुढच्यासकट वाचा. सदोम, म्हणजे समलिंगी संबंधांच्या पापापायी देवाने जाळलं असं लोक मानतात ते शहर, आलं की यहेज्केल १६:४९ काढा. सदोमेचा अधर्म म्हणून तिथे गर्व, पोटभर अन्न, निर्धास्त सुख आणि दीनदुबळ्यांना हात न देणं हे सांगितलंय. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आला की थांबू नका, दुसऱ्याची पहिली ओळ वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे दोष लावणाऱ्याकडेच वळतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात, ६:९ मध्ये, समलिंगी संबंधांशी जोडले जाणारे जे दोन ग्रीक शब्द आहेत, मलाकोय आणि आर्सेनोकोइताय, त्यांचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांत वाद आहे. जुनं भाषांतर आणि सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवलं की अनुवादकाची ओढाताण आपल्यालाही दिसते.

एवढं सांगून पुढारलेल्या मुलांनाही एक सांगायचं असतं. पुरुषाने पुरुषाशी संग करू नये, हा लेवीय १८:२२ चा शब्द स्पष्ट आहे, तिथे चलाखी करू नका. तो आज आपल्याला लागू पडतो का, हा वाद घाला, पण "तिथे तसं लिहिलेलंच नाही" म्हणू नका. समोरच्याने ते लहानपणापासून वाचलेलं असतं आणि तुम्ही त्याला मूर्ख समजता हे त्याला कळतं.

आणि पारंपरिक बाजू ज्यांना मांडायची आहे त्यांनी सदोमेवर बसू नये, ती जागा पोकळ आहे. तुमचं बळ उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आणि मत्तय १९:४-६ मध्ये आहे, जिथे येशू स्वतः नर आणि नारी आणि एकदेह यांबद्दल बोलतो. पूर्ण ताकदीने तिथून मांडा. मग दुसऱ्या बाजूला त्याच अध्यायातलं बारावं वचन काढू द्या, षंढांबद्दलचं. पुण्याच्या बैठकीत याच दोन वचनांवर चाळीस मिनिटं गेली आणि कुणीही कुणाला नाव ठेवलं नाही. माझ्या चारही बैठकांतली ती सगळ्यात चांगली चाळीस मिनिटं.

माझं मत लोक विचारतातच. सरकारी नोंदणीला माझा विरोध नाही, ती व्हावी असंच वाटतं. वेदीपुढच्या विधीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मत सांगा, पण शेवटी. आधी सांगितलंत की अर्धा वर्ग तुम्हाला खूश करायला बोलतो आणि उरलेला चिडवायला.

श्रद्धा कुठे संपते, पूर्वग्रह कुठे सुरू होतो

"विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री" ही श्रद्धा आहे. पटो न पटो, ती मांडणाऱ्याला द्वेष्टा म्हणू देऊ नका. "ते लोक मुलांना बिघडवतात" ही श्रद्धा नाही, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आहे, आणि तिच्याबद्दल दहा आज्ञांमध्ये एक आज्ञा आहे. "उपचारांनी बरे होतात" हेही तसंच. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असले "उपचार" करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. आणि अमेरिकेत प्रार्थनेने प्रवृत्ती बदलण्याचं काम करणारी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी माफी मागून बंद केली.

मी एक साधी कसोटी लावते. नवी माहिती मिळाल्यावर वाक्य जरासुद्धा हलतं का? हललं तर ते मत होतं. आणि वाक्य घराबाहेर पडून कुणाला भाड्याची खोली नाकारतं का, कुणाला गायनसंघातून काढतं का? तसं झालं तर तो वचनांचा वाद उरत नाही, चौथ्या चिठ्ठीचा होतो.

बायल्या, छक्का, असले शब्द आले की तिथल्या तिथे थांबवा, कुणीही वापरला तरी. समलिंगी आणि तृतीयपंथी एक नव्हेत, हे एका वाक्यात सांगून पुढे चला.

उलट दिशेचा पूर्वग्रहही असतो आणि तरुणांना तो दिसत नाही. कोलोराडोतल्या एका केकवाल्याने धार्मिक कारणावरून समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी केकवाला जिंकला. नकार बरोबर होता असं न्यायालय म्हणालं नाही. राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेकडे तुच्छतेने पाहिलं, हे त्याचं कारण होतं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती केनेडी, आणि २०१५ मध्ये सबंध अमेरिकेत समलिंगी विवाह कायदेशीर करणारा ओबर्गफेल निकाल लिहिणारेही केनेडीच. हे मी सांगते तेव्हा दोन्हीकडचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

"मुळे"

आता खरं दुखणं. पहिल्या दिवशी काकांचं वाक्य आणि त्या मुलाचं वाक्य मी घरी जाऊन वहीत एकाखाली एक लिहिलं. आईबापांच्या लाडामुळे. तुमच्यासारख्यांमुळे. मतं उलटसुलट, व्याकरण एकच. "मुळे" हे कारण दाखवणारं शब्दयोगी अव्यय. मी ते तीन दशकं मुलांकडून घोकून घेतलं, पावसामुळे शाळा भरली नाही, वगैरे. पावसाला जोडलं तर ते निरुपद्रवी आहे. माणसाला जोडलं की खापर फुटतं.

हे खापर आपल्या शास्त्राला जुनं ओळखीचं आहे. योहानाचा नववा अध्याय. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्यांचा पहिला प्रश्न काय? पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. समलिंगी असणं म्हणजे आंधळं असणं, असा अर्थ इथून कुणी काढू नये, खेड्यात एकाने लगेच काढला होता. मला शिष्यांच्या प्रश्नाशी कर्तव्य आहे. समोर जिवंत माणूस उभा आहे आणि यांना आरोपी हवाय.

जगात याची मोठाली उदाहरणं आहेत. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी जेरी फॉलवेल या प्रसिद्ध पाळकाने टीव्हीवर गर्भपातवाले, स्त्रीवादी आणि समलिंगी यांच्याकडे बोट दाखवलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. दुसरीकडचंही सांगा. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणारा प्रस्ताव क्रमांक ८ सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. मतदानोत्तर चाचणीत ७० टक्के कृष्णवर्णीय मतदार प्रस्तावाच्या बाजूने दिसले आणि हरलेल्यांतल्या अनेकांनी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. काही महिन्यांत नीट अभ्यास झाला, तेव्हा तो आकडा ५८ च्या आसपास निघाला, आणि फरक कातडीच्या रंगापेक्षा चर्चला नेमाने जाण्याशी जोडलेला दिसला. तोवर बोलायचं ते बोलून झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

म्हणून मी एक डबा ठेवते. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा. माणसाला "मुळे" जोडणाऱ्याने त्यात दहा रुपये टाकायचे आणि तेच वाक्य "मला" ने सुरू करून पुन्हा म्हणायचं. "यांच्यामुळे कुटुंबं मोडतात" असं एक भगिनी म्हणाल्या. दहा रुपये टाकले. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "मला भीती वाटते, माझा नातू अमेरिकेत वाढतोय, त्याला उद्या आमचं काहीच पटणार नाही." वाक्य कुठून कुठे गेलं बघा. समलिंगी विवाह त्यात उरलाच नाही. तरुण संघाच्या त्या मुलाला मी तिसऱ्या बैठकीत धरलं. "तुमच्यासारख्यांमुळे" ला त्याने दहा टाकले आणि म्हणाला, "मला या हॉलमध्ये खरं बोलायची भीती वाटते." त्याला पुढे विचारायचं नाही. कुणीच विचारलं नाही, हे आमच्या मंडळीचं मला फार कौतुक वाटलं. त्या दिवशी डब्यात एकशे चाळीस रुपये जमले, त्यातले तीस माझे.

कुणी बैठकीत स्वतःबद्दल सांगितलंच तर टाळ्या वाजवू नका, धाडसाचं कौतुक करू नका, लगेच प्रार्थनेला डोक्यावर हात ठेवायला तर उठूच नका. "बरं" म्हणा आणि पुढच्याला बोलू द्या. बाहेर गेल्यावर त्याला विचारा की हे कुणाकुणाला माहीत असलेलं चालेल. पाळकांनासुद्धा त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका.

बैठकीनंतर

ज्यांना लागलं त्यांच्या घरी जा. फोन नको. मी त्या गायनसंघातल्या भगिनींकडे जायला डिसेंबर उजाडवला, नाताळच्या करंज्यांचं निमित्त करून गेले. त्यांनी सलाम केला, पाणी दिलं, भिंतीवर मुलाचा शाळेतला फोटो होता, माझ्याच वर्गातला. मी काकांच्या वतीने माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचं काय घेऊन बसलात, बाई. ते माझ्या बाळंतपणातही असंच काहीतरी बोलले होते. ते बोलले आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही बघितलंत म्हणून सगळ्यांनी बघितलं."

मला आठवलं. बघितलं होतं.

करंज्या त्यांनी ठेवून घेतल्या, डबा रिकामा परत दिला नाही, शेव भरून दिली. आता चर्चेला बसताना मी मांडीवर वही ठेवते, आणि कुणी तसलं काही बोललं की मान खाली घालून लिहीत राहते. बऱ्याचदा नुसती तारीखच गिरवत असते.